लेकरू प्यालं का?

नदीच्या कोरड्या पात्रातून वर चढून आलात की ही शिळा लागते. जरा वाकून या, वर कपार आहे. शिळा कमरेएवढी उंच, वरून सपाट आणि मधे थोडी खोलगट, कोणी बसून बसून झिजवल्यासारखी. कपारीमुळे श्रावणातही हिच्यावर पावसाचा थेंब पडत नाही, म्हणून हिचं नाव कोरडी शिळा. आता खाली पाहा. हे हिरवं दिसतंय ते शेवाळ आहे. कोरड्या शिळेला शेवाळ धरलंय, कारण 'शिळेवर पाणी ओतू नये' या पाटीखालीच उभं राहून लोक तांबे रिकामे करतात. ती पाटी मीच लिहवून घेतली. आजवर तीनदा रंगवून झाली.

मी शालन गुरव. या ठाण्याची पूजा आमच्या घराण्याकडे आहे, आणि मी या घरची सून. शिवाय एकतीस वर्षं मी गावाच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स होते. त्यामुळे लेकरांच्या अंगावर पुरळ उठला की आया माझ्याकडे दोनदा यायच्या, आधी इथं आणि मग तिथं. उलट्या क्रमानं या, असं सांगून माझा घसा बसला. येणाऱ्याजाणाऱ्यांना शिळेची हकीकत सांगायचं काम आता माझ्याकडेच आहे. गेल्या रविवारी सांगत होते तेव्हा हिरव्या साडीतली एक बाई भरला तांब्या घेऊन उभी होती. तिला म्हटलं, तांब्या जरा खाली ठेवा, आधी ऐका, मग काय ते करा. तिच्याकडे मी शेवटी येते.

आमच्या तांबडेवाडीत शिरताना एखाद्या दाराला कडुलिंबाची डहाळी लावलेली दिसली, तर थोडं थांबून पाहा. येणारंजाणारं कोणी आत जात नाही. रस्त्यावरूनच मोठ्यानं विचारतात, "लेकरू प्यालं का?" आतून उत्तर आलं की पुढे जातात. मागे एका पाहुण्यानं मला विचारलं, रस्त्यावरून ओरडणारी ती म्हातारी त्या घराशी भांडत होती का? भांडत नव्हती. आमच्याकडची ती रीतच आहे, आणि ती कशी पडली ते असं सांगतात.

फार मागे या वाडीत रंगाऱ्यांची सात घरं होती. आल नावाच्या झाडाच्या मुळ्या उकळून ते तांबडा रंग काढत. वाडीचं नावही म्हणे त्यावरूनच पडलं. त्यातल्या नदीकडच्या घरात ठकाई नावाची रंगारीण राहायची. नवरा कापडाचे गठ्ठे घेऊन बाजार फिरायचा, रंगाचं आणि ठशांचं सगळं काम ठकाईच्या हातात. रंग कुठून चढायला लागला, कुठे दाट बसला, कुठे नुसता शिंतोडा उडाला, हे ती एका नजरेत सांगे. रंगकामाला पाणी फार लागतं, म्हणून तिच्या अंगणात चार रांजण कायम भरलेले असत. आमचा हा मुलूख पाण्याला महाग. गावात सगळ्यात जास्त पाणी तिच्या दारात होतं, हे लक्षात ठेवा.

त्या काळी लेकराच्या अंगावर काहीही उठलं की गावाच्या लेखी एकच गोष्ट झालेली असे, बाई आल्या. बाई म्हणजे देवी. घामोळं असो, कांजिण्या असोत, गोवर असो, सगळ्याला एकच नाव आणि एकच रीत. दारावर घोंगडी टाकून खोली अंधारी करायची. पाणी बंद, कारण पाणी पाजलं तर पुरळ आत जिरतो आणि बाई रागावतात, असं भगत सांगे. तिसरी रीत तर सगळ्यात वाईट. गावातल्या बायका आपापली लेकरं कडेवर घेऊन दर्शनाला यायच्या आणि आजारी लेकराचा हात आपल्या लेकराच्या डोक्यावर ठेवून घ्यायच्या, म्हणजे बाई आपल्या घरी येताना सौम्य होऊन येतील. बाई यायच्याच. दहाव्या-बाराव्या दिवशी त्या घरी हजर. मग लोक म्हणायचे, बघा, हात ठेवून घेतला म्हणून नुसत्या आल्या, नाहीतर कोपल्या असत्या. यावर काय उत्तर द्यायचं, तुम्हीच सांगा. मला एकतीस वर्षांत सापडलं नाही.

एका वैशाखात ठकाईची चार वर्षांची लेक चिमा तापली. तापाच्या चौथ्या दिवशी अंगावर उठलं. सासू, शेजारणी, भगत सगळे जमले, घोंगडी पडली. चिमा आतून "आये, घोटभर दे" म्हणत राहिली, आणि दाराबाहेर चार रांजण भरलेले होते. ठकाईनं पाणी दिलं नाही. ती वाईट आई नव्हती. गावाची रीत पाळणारी चांगली बाई होती, आणि मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. पाणी बंद केल्याच्या तिसऱ्या दिवशी चिमाचा आवाज थांबला.

लेकराला बाहेर आणलं तेव्हा ठकाईनं तिचं अंग इतक्या दिवसांत पहिल्यांदा उजेडात पाहिलं. कानामागे आणि तोंडावर रंग दाट, एकात एक मिसळलेला. पोटावर विरळ. पायांवर नुसते शिंतोडे. म्हणजे वरून सुरू होऊन खाली उतरत गेलेला. ओठ मात्र रंगलेले नव्हते, ते तडकलेले होते आणि जीभ वाळल्या कापडासारखी झाली होती. असं सांगतात की ठकाई रडली नाही. जमलेल्या माणसांना ती म्हणाली, "बाईनं न्हाई नेली माझी लेक. तहानंनं नेली."

मग तिनं अंगणातल्या रांजणावर हात ठेवून नेम घेतला. "हितनं म्होरं या गावात ज्या लेकराच्या अंगावर उठंल, ते लेकरू पानी प्यालं तरच मी पिनार. त्याच्या आधी थेंब घ्येनार न्हाई."

लोकांना वाटलं, दुःखानं डोकं फिरलंय, चार दिवसांत निवळेल. ठकाई निवळली नाही. कोणाच्या घरी लेकरू पडलं की ती भरलेला तांब्या घेऊन दाराशी जायची. कुठे शिव्या खाल्ल्या, कुठे भगतानं अंगावर राख फेकली. पण गरिबाघरच्या दोघीतिघी आयांनी तिला लेकरू दाखवलं. ती त्यांना या शिळेवर आणायला सांगे, कारण सकाळचं ऊन कपारीखालून तिरपं आत येतं आणि डोळ्यांवर न पडता अंगावर पडतं. आजही येतं, सात वाजता येऊन पाहा. लेकरू शिळेवर बसायचं, ठकाई घोट घोट पाणी पाजायची आणि बघत राहायची. ठसा ओळखायची तिची नजर इथं कामाला आली.

हळूहळू तिच्या ध्यानात आलं म्हणे, की बाई एक नाही. गोवराचा रंग कानामागून निघतो आणि खाली उतरतो, आणि त्याच्या आधी तीन-चार दिवस ताप, खोकला, लाल डोळे असतात. कांजिण्यांचे थेंब पोटापाठीवर दिसतात, पाण्यानं भरलेले, आणि एकाच अंगावर नवे, फुटलेले, वाळलेले सगळे एकत्र असतात. त्या लेकराची नखं कापावी लागतात. काही लेकरांना नुसते तळहातांवर, तळपायांवर आणि तोंडात फोड येतात. तोंड दुखतं म्हणून ती पीत नाहीत, तेव्हा त्यांना गार ताक चमच्यानं द्यावं लागतं. आणि काही ठिपके काळसर, जांभळे असतात. बोटानं दाबले तरी फिके पडत नाहीत. ते तिनं दोनदा पाहिले आणि दोन्ही लेकरं हातची गेली. त्यानंतर तसे ठिपके दिसले की ती तांब्या खाली ठेवायची आणि आधी बैलगाडी जुंपायला सांगायची.

हे सगळं तिनं दुपट्यावर छापलं, असं सांगतात. बारशाच्या दुपट्याचा एक कोपरा गोवराचा, एक कांजिण्यांचा, एक हातापायांचा, आणि चौथ्या कोपऱ्यात काळे ठिपके आणि शेजारी गाडीचं चाक. म्हणजे इथं थांबू नका, वैद्याकडे निघा. आईला वाचता येत नसलं तरी लेकराच्या अंगाशेजारी दुपटं धरून बघता यावं. अजूनही तांबडेवाडीत बारशाला तसंच दुपटं देतात. बाहेरचे लोक हौसेनं विकत घेतात आणि टीव्हीखाली अंथरतात. एका बाईनं मला कौतुकानं सांगितलं, तुमची नक्षी फार गोड आहे. मी म्हटलं, तो गोवर आहे. तिनं लगेच हात काढून घेतला.

असो. पुढचं ऐका.

शिळेच्या समोर हे दगडी जोतं दिसतंय ना, तिथं दावजी पाटलाचं घर होतं. घराची मागची खिडकी शिळेपासून दहा पावलांवर. पाटलाची सून अंबू, आणि तिचा अडीच वर्षांचा मुलगा रायबा. त्या घरातलं ते एकुलतं लेकरू. पुढच्या एका वैशाखात रायबा तापला, चौथ्या दिवशी अंगावर उठलं. पाटलाच्या घरी रीत मोडणं शक्य नव्हतं. दारावर घोंगडी पडली, खिडकीला दुसरी लागली, आणि दावजी पाटील स्वतः उंबऱ्यात बसला, पाणी आत जाऊ नये म्हणून. नातवावर त्याचा जीव होता. जीव होता म्हणूनच बसला होता.

ठकाई आली ती थेट दारात गेली नाही. तांब्या भरून घेऊन ती या शिळेवर बसली आणि खिडकीकडे तोंड करून हाक मारली.

"अंबू, कुठनं उठलं?"

घोंगडीआडून अंबूचा आवाज आला. "कानामागनं. आता तोंडावर आलंय."

"डोळं कसं हायती?"

"लाल. पानी गळतंय. खोकला बी हाय."

"घोंगडीचं टोक बोटभर उचल आन उजेडात एक ठिपका दाब. फिका पडतो का?"

थोडा वेळ गेला. "पडतो. सोडला की परत लाल हुतो."

"मंग ह्यो गोवर. वरनं खाली उतरंल आन जाईल. लेकराला पानी दे. घोटघोट दे, पर देत ऱ्हा."

"मामंजी दारात बसल्यात."

"मी बी हितं बसलीया," ठकाई म्हणाली.

दुपारी तिनं विचारलं, "लेकरू प्यालं का?" आतून उत्तर आलं, "न्हाई." ठकाईनं तांब्यावर फडकं झाकलं आणि तशीच बसली. दिवस मावळताना पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. दुसऱ्या दिवशी ऊन चढलं तसं गाव गोळा झालं. कोणी हसलं, कोणी हात जोडले. भगत आला आणि म्हणाला, "बये, पानी पी. तुझं काय झालं तर बाईच्या नावाला डाग लागंल." ठकाई म्हणाली, "मी तुमचीच रीत पाळतीया. तुमी लेकराचं बंद केलं, मी माझं बंद केलं." भगत परत गेला. त्याची स्वतःची दोन लेकरं घोंगडीआड गेली होती, असं सांगतात. तोही वाईट माणूस नव्हता. या गोष्टीत वाईट माणूस कोणीच नाही, म्हणून तर कोणाला धरून बदडता येत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी अंबूनंच उलट विचारलं, "ठकाई, तू तरी प्यालीस का?"

"तुजं लेकरू प्यालं का?"

तिसऱ्या दिवशी सकाळी ठकाईनं एकदा विचारलं. आवाज इतका बारीक होता की अंबूला खिडकीला कान लावावा लागला. रायबा तोवर मागायचा थांबला होता. रडायचा, पण डोळ्यांत पाणी येत नव्हतं. अंबू दुपारच्या हाकेची वाट बघत बसली. ऊन डोक्यावर आलं आणि कललं. हाक आली नाही.

अंबूनं आतून हाक दिली. उत्तर नाही. पुन्हा दिली.

मग ती उठली. तिनं दारावरची घोंगडी ओढून खाली टाकली, रायबाला खांद्यावर घेतलं आणि उंबऱ्यापाशी आली. दावजी पाटील उठून आडवा उभा राहिला. लग्न होऊन आल्यापासून अंबू सासऱ्यासमोर तोंड वर करून बोलली नव्हती. ती म्हणाली, "मामंजी, बाजूला व्हा. तिनं हाक द्यायची थांबवलीया." इतकंच म्हणाली म्हणे. पाटील बाजूला झाला.

ठकाई इथं, या खोलगट जागेत, कपारीच्या भिंतीला टेकून बसलेली होती. शेजारी तांब्या भरलेला, फडकं तसंच झाकलेलं. अंबूनं फडकं काढलं, पाण्यात बोट बुडवून रायबाच्या ओठांना लावलं. मग शिंपलीभर पाजलं. त्यानं ओकून टाकलं. अंबूनं थोडं थांबून पुन्हा दिलं. तो प्यायला. पुन्हा प्यायला. तेव्हा ती ठकाईच्या कानाशी वाकून म्हणाली, "प्यालं."

ठकाईचे ओठ हलले असं काही जण सांगतात. अंबूनं ओंजळ तिच्या तोंडाशी नेली, पण पाणी आत गेलं नाही. हनुवटीवरून ओघळून शिळेवर पडलं. त्या काळात या शिळेवर पडलेलं पाणी ते तेवढंच.

रायबा जगला. त्याचा रंग पायापर्यंत उतरला, मग तपकिरी पडला, मग कोंडा होऊन गेला, जसा गोवर जातो. दावजी पाटलानं घोंगडी स्वतःच्या हातानं उंबऱ्याबाहेर नेऊन टाकली. अंबूनं दाराला कडुलिंबाची डहाळी लावली आणि गावाला सांगितलं, हिच्या आत कोणी लेकरू घेऊन यायचं नाही. विचारायचं असेल तर ठकाईसारखं बाहेरून विचारा, आणि एकच गोष्ट विचारा. तेव्हापासून ही रीत. शिळेला पाणी घालायची मात्र मनाई. ठकाईनं लेकराच्या आधी पाणी घेतलं नाही, तिला आता ते ओतून काय मिळणार?

हे सगळं खरं किती, ते मला विचारू नका. मी नर्स आहे, वैशाखात पाण्याविना माणूस किती दिवस टिकतं ते मला माहीत आहे. पण सांगणाऱ्यांनी एक गोष्ट तरी नीट सांगितली, की आधी लेकराला पाणी पाजा, आणि लोकांनी नेमकी तीच टाकून दिली. दुपटं राहिलं, शिळा राहिली, जत्रा राहिली, नारळ फुटतात. आणि उपकेंद्रात माझ्यासमोर आई म्हणायची, सिस्टर, एक सुई मारा ना. मी म्हणायची, बाई, याला सुई लागत नाही, हे आपलं आपण जातं. पाणी पाज, अंगावरचं दूध तोडू नकोस, तापाचं औषध वजनाप्रमाणे दे, लघवी किती वेळा होते ते बघ. श्वास धापा टाकल्यासारखा झाला, लेकरू झोपेतून नीट जागं होईना, पिईना, की त्या क्षणी दवाखान्यात आण. गोवर निघाला तर अ जीवनसत्त्वाचा डोस द्यायचाय, तेव्हा एकदा दाखवच. आणि नवव्या महिन्याची लस चुकवू नकोस, म्हणजे मला हे बोलावंच लागणार नाही. ती मान डोलवायची, आणि घरी जाऊन घोंगडी. आता घोंगडी नसते, जाड पडदे असतात. एवढाच फरक.

गेल्या रविवारी इथपर्यंत सांगून मी त्या हिरव्या साडीतल्या बाईकडे वळले. सगळा वेळ ती तांब्या पायाशी ठेवून उभी होती. मी विचारलं, "ताई, कोणासाठी आणलंय?"

"लेकीसाठी," ती म्हणाली. "दोन वर्षांची हाय. परवापासनं अंगावर उठलंय. सासूबाई म्हणाल्या, आधी कोरड्या शिळेला पाणी घालून ये."

"ती कुठाय?"

"घरी. त्यांच्याजवळ."

मला चीड आली, आणि ती मी लपवली नाही. तरी आवाज चढवला नाही. जे विचारायचं ते विचारलं, "लेकरू प्यालं का?"

तिनं पिशवीतून मोबाइल काढला आणि सासूला फोन लावला. पलीकडचा आवाज एवढा मोठा होता की आम्हा सगळ्यांना ऐकू आला. ती म्हणाली, "आत्या, तिला पानी दिलं का?" पलीकडून उत्तर आलं, "तू शिळेला घातलंस का? तू घाल, मग देते."

बाईनं पायाशी असलेल्या तांब्याकडे पाहिलं. काठोकाठ भरलेला होता.

"घातलं," ती म्हणाली. "द्या आता. फोन चालू ठेवा, प्याली की सांगा."

ती फोन कानाला धरून उभी राहिली, आणि आम्ही सगळे तिच्याकडे बघत उभे राहिलो. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "प्याली." मी म्हटलं, आता तिला घेऊन दवाखान्यात जा, वाटेतच लागतो. तिनं तांब्या उचलला आणि न सांडता पायऱ्या उतरून गेली. त्या दिवशी आणखी चौघांनी शिळेवर पाणी ओतलं, माझ्या डोळ्यांदेखत. मी पाटीकडे बोट दाखवलं, त्यांनी पाटीलाही हळदकुंकू लावलं.

आजही ही शिळा कोरडी राहते, पण ती अशी, कधीतरी, एखाद्या न ओतलेल्या तांब्यापुरती.